ताटाची डावी बाजू

चूक कुणाची हे शोधून काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. पिरंगुटजवळच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. पार्ट रिजेक्ट झाला की ‘का?’ विचारायचं, उत्तर आलं की पुन्हा ‘का?’, असं पाच वेळा. पाचव्या ‘का’ला समोरचा माणूस रडकुंडीला येतो आणि खरं काय ते सांगतो. लातूरहून लग्न होऊन मी इकडे आले तेव्हापासून हेच करते आहे. माझा नवरा उमेश म्हणतो, तू घरातसुद्धा रिजेक्शनचं लाल लेबल घेऊन फिरतेस. खोटं नाही ते.

तर अशा बाईचा अपघात झाला आणि तिने पहिल्याच दिवशी निकाल लावून टाकला, चूक बसवाल्याची. एकदाही ‘का’ विचारलं नाही. पुढे डोक्यात गाठ निघाली, कवटी उघडावी लागली, केस गेले, ते सगळं सांगणारच आहे. ज्यांना किंवा ज्यांच्या घरात कुणाला असल्या ऑपरेशनला सामोरं जायचंय, त्यांच्यासाठीच लिहायला बसले आहे. पण माझं आजारपण आणि तो अपघात वेगळे काढता येत नाहीत, म्हणून सुरुवात रस्त्यावरून करते.

फाटा

आम्ही नांदे गावात आक्कांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. आक्का म्हणजे घरमालकीण. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. मी रोज सकाळी कार घेऊन घोटावड्यावरून कामाला जायचे. घोटावड्याच्या अलीकडे एक फाटा आहे, तिथे डावीकडून वाडीवरचा रस्ता येऊन मिळतो. सिग्नल नाही, पाटी नाही. नजरानजर हाच तिथला सिग्नल. समोरच्याने आपल्याकडे बघितलं की त्याला आपण दिसलो असं धरायचं आणि गाडी काढायची. आमच्या भागात सगळे असेच गाड्या चालवतात.

त्या दिवशी मी फाट्यावर गाडी थांबवली, डावीकडे बघितलं, रस्ता मोकळा होता, गाडी काढली. पुढच्या क्षणाला काच, धूळ, आणि माझ्या कारच्या डाव्या दारात घुसलेलं एका बसचं तोंड. कामगारांना नेणारी बस होती ती. माझ्या दोन बरगड्या मोडल्या, डावा हात मोडला. बसमधल्या बायकांना मुका मार लागला.

आपल्याकडे टक्कर झाली की चूक मोठ्या गाडीची, त्याला कोर्ट लागत नाही. लोक जमले. ड्रायव्हरला खाली ओढलं, त्याच्या शर्टाची बाही फाटली, दोनचार जणांनी हात धुऊन घेतले. बसमधल्या बायका ओरडत होत्या, “बबनमामांना मारू नका! ताई थांबल्या व्हत्या, मंग घुसल्या!” बसवाल्याची माणसं बसवाल्याचीच बाजू घेणार, म्हणून त्यांचं कुणी ऐकलं नाही. मीही नाही.

जवळच्या दवाखान्यात हवालदार जबाब घ्यायला आले. मी कण्हत कण्हत ठणकावून सांगितलं, “मी थांबले होते. रस्ता पूर्ण मोकळा होता. बस भरधाव आली.” मग त्यांनी बबनमामांचा जबाब वाचून दाखवला. बसचं तोंड आधीच रस्त्यावर आलेलं होतं, बाईंनी थांबून माझ्याकडे सरळ बघितलं, मला वाटलं त्या मला जाऊ देत आहेत, मी बस काढली, तर त्यांनी गाडी पुढे घातली.

“धादांत खोटं!” मी म्हटलं. “इतकी मोठी बस मला दिसणार नाही का? मी काय आंधळी आहे?”

हवालदारांनी हेसुद्धा लिहून घेतलं. बबनमामांवर गुन्हा दाखल झाला, लायसन्स जमा झालं, ठेकेदाराने त्यांना घरी बसवलं. सव्वीस वर्षं साधा ओरखडा नसलेला माणूस, गावात लोक म्हणू लागले की म्हातारा सकाळीच घेऊन बसला असेल. हे माझ्या कानावर आलं होतं. मला बरं वाटलं होतं, आता लपवून काय करू.

आक्कांची चटणी

डोक्याला मार नव्हता, म्हणून डोक्याचा फोटो कुणी काढलाच नाही. मी हात गळ्यात बांधून घरी आले. उमेश ऑफिसला गेला की दुपारचं ताट आक्का खालून पाठवायच्या. त्यांचं ताट रीतीचं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. पाहुणा असो की आजारी माणूस, ह्यात बदल नाही.

मी दोन दिवस खाल्लं आणि तिसऱ्या दिवशी खिडकीतून ओरडले, “आक्का, तोंडी लावायला काही देत नाही का ओ? आमटीपण अळणी आहे.”

आक्कांच्या कारळ्याच्या चटणीला आख्ख्या आळीत मान आहे. ती चटणी रोज तशीच परत येत होती, ह्याचा राग आधीच साठलेला. त्यावर हे. गुडघ्यांना हात लावत त्या जिना चढून वर आल्या, ताट पुढे ठेवलं आणि समोर बसल्या.

“खा माज्यासमोर.”

मी खाल्लं. भाजी संपवली, आमटी प्यायले, भाकरी खाल्ली.

“झालं?”

“झालं. पण चटणी कुठाय?”

आक्कांनी ताटाला हात लावला आणि ते अर्धा फेरा फिरवलं. चटणी होती. लिंबाची फोड होती, मीठ होतं, काकडीची कोशिंबीर होती. भाकरीचा अर्धा चतकोरही होता, जो मी खाल्लाच नव्हता.

“हे आत्ता वाढलंत का?” मला वाटलं म्हातारी चेष्टा करतेय.

आक्का हसल्या नाहीत. “माज्या सासऱ्याच्या अंगावरनं वारं गेलं व्हतं. तवा त्ये बी आसंच आर्धं ताट जेवायचं, आन म्हनायचं, सून उपाशी ठिवती. मी लई रडलेय त्या पायी.” त्यांनी माझ्या गालाला हात लावला. “तुला डावीकडचं दिसत न्हाई गं पोरी.”

मी चिडले. मला ठणठणीत दिसतं म्हणाले. संध्याकाळी उमेश आला तेव्हा आक्का जिन्यातच बसलेल्या. “उंद्या रजा टाक,” त्या त्याला म्हणाल्या, “आन हिला मोठ्या दवाखान्यात न्ये. डोळ्याच्या न्हाई, डोस्क्याच्या डाक्तरला दाव.”

मग एकेक आठवायला लागलं. गेल्या वर्षात कारचा डावा आरसा दोनदा फुटला, मी गेटच्या खांबाला शिव्या दिल्या. डाव्या खांद्याला दाराची चौकट लागायची, मी गवंड्याचा उद्धार केला. कारखान्यात दोन वेळा ओरखडे पडलेला माल माझ्या हातून पास झाला, मी ऑपरेटरला मेमो दिला. प्रत्येक वेळी चूक दुसऱ्याची निघाली. मी हुशारच तेवढी.

लिंबाएवढी

पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी माझं डोकं त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये घातलं. आत ठोकाठोकीचा आवाज येतो. ज्यांना जायचंय त्यांना सांगते, डोळे मिटून घ्या आणि एखाद्या भांडणाचे मुद्दे मनात जुळवा. मी बबनमामांशी भांडत होते. वेळ बरा गेला.

बाहेर आल्यावर बाईंनी सरळ सांगितलं. मेंदूवर उजव्या बाजूला गाठ आहे, कॅन्सरची वाटत नाही, लिंबाएवढी आहे, काढावी लागेल.

“डोळे चांगले आहेत तुमचे,” त्या म्हणाल्या. “पण डावीकडचं जे दिसतं ते मेंदू घेतच नाही.”

“मग मला कळलं कसं नाही?”

“काळोख दिसला असता तर कळलं असतं. तुम्हाला तिथे काहीच दिसत नाही. त्यामुळे तिथे काही नाहीच, असं तुम्ही धरून चालता.” मग फाइल बंद करता करता त्यांनी विचारलं, “गाडी चालवत नाही ना?”

उमेश फरशीकडे बघायला लागला. मी म्हटलं, “चालवत होते.”

खरं सांगते, पहिलं रडू मला माझ्या स्वतःसाठीच आलं. पार्किंगमध्ये उमेशच्या खांद्यावर डोकं ठेवून मी हंबरडा फोडला, की मी मरणार, माझं डोकं उघडणार. बबनमामा आठवले ते दुसऱ्या दिवशी, दात घासताना. ‘बाईंनी माझ्याकडे सरळ बघितलं,’ असं त्यांच्या जबाबात होतं. बघितलंच होतं की मी! त्यांच्या बसकडे तोंड करून, मान वळवून, रीतसर बघितलं होतं. त्यांचा शब्दन् शब्द खरा होता. मीही खोटं बोलले नव्हते, मला रस्ता मोकळाच दिसला होता. पण शिक्षा ते एकटे भोगत होते. ब्रश तोंडात तसाच राहिला आणि मी बेसिनला धरून उभी राहिले.

पुरवणी जबाब

ऑपरेशनच्या चार दिवस आधी मला भरती केलं. हॉस्पिटलचा दिवस लवकर सुरू होतो. पहाटे ताप बघणार, मग रक्त, मग साखर कमी असलेला चहा, मग डॉक्टरांची फेरी. फेरीत बाई रोज माझ्यासमोर दोन्ही हात पसरून दोन-दोन बोटं हलवायच्या. “किती?” “दोन.” “आणि आता?” “दोनच.” माझ्या डावीकडच्या हाताची बोटं मला दिसत नसत. रोज मी नापास.

त्या वॉर्डात पडल्यापडल्या मी आमचा पाच ‘का’चा फॉर्म मनात भरला. टक्कर का झाली? मी बसपुढे गाडी घातली. का घातली? बस दिसली नाही. का? गाठ. गाठ आहे हे कळलं का नाही? कारण प्रत्येक वेळी मी दुसऱ्याची चूक काढली. पाचव्या ‘का’पर्यंत जायची गरज पडली नाही, चौथ्यालाच रडकुंडीला आले.

दुपारी उमेशला म्हटलं, “कागद दे. मला जबाब बदलायचाय.”

“आधी ऑपरेशन होऊ दे.”

“ऑपरेशनमध्ये मी गेले तर? किंवा उठल्यावर काही आठवलंच नाही तर? तो माणूस जन्मभर दारुडा म्हणून राहील.”

“अगं, केस आपल्यावर उलटेल! विमा कंपनी हात वर करेल. वकिलाला विचारू, मग बघू. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा का मारून घ्यायचा?”

“कारण धोंडा आधी त्यांच्या पायावर मी मारलाय!”

आमच्या लग्नाच्या इतक्या वर्षांत आवाज नेहमी माझा चढायचा, त्या दिवशी त्याचा चढला. शेजारच्या पलंगावरच्या बाईने पडदा ओढून घेतला. उमेश म्हणाला, “तुला माझा काही विचार आहे का? मी रात्रंदिवस एकच गोष्ट मागतोय देवाकडे, आणि तू पोलीस स्टेशन घेऊन बसलीस.” आणि बाहेर निघून गेला. बिचारा घाबरला होता. मीही घाबरले होते, पण आमच्याकडे घाबरलं की भांडतात.

मी सिस्टरकडून कागद मागून घेतला आणि लिहिलं. जे झालं ते सगळं. खाली सही केली.

चहाच्या वेळेला उमेश परत आला आणि कागद उचलून वाचू लागला. वाचता वाचता त्याचा चेहरा बदलला.

“वैशाली, हे असं का लिहिलंस?”

“काय झालं? अक्षर लागत नाही?”

“अर्धा कागद कोरा सोडलायस. सगळ्या ओळी मधूनच सुरू केल्यास.”

“कुठाय कोरा? काठापासून तर लिहिलंय.”

त्याने कागद माझ्यासमोर धरला आणि त्यावर बोट ठेवलं. बोट सरकवत सरकवत डावीकडे नेलं. आणि एका जागी त्याचं बोट मला दिसेनासं झालं. हात होता, मनगट होतं, बोट नव्हतं. माझ्या तोंडावर ते दिसलं असणार, कारण उमेश खुर्चीत बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. इतके दिवस गाठ त्याला डॉक्टरांच्या फोटोत दिसली होती. आज बायकोच्या कागदावर दिसली.

डोळे पुसून तो म्हणाला, “तारीख राहिली घालायची.” मी तारीख घातली. त्याने कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला आणि तसाच पोलीस स्टेशनला गेला. वकिलाला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तेच हवालदार वॉर्डात आले. पुरवणी जबाब घेतला, डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेतलं. माझा कागद उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले.

“नीट लिहून देऊ का दुसरा?” मी विचारलं.

“नको ताई,” ते म्हणाले. “ह्यो असाच लागणार हाय. तुमच्या जबाबापेक्षा ही कोरी बाजू लई बोलतीया.”

त्या रात्री मला छान झोप लागली.

लिंबू!

डोकं भादरतात तेव्हा आरसा बघू नका असं सगळे सांगतात. मी बघितला. कान इतके मोठे असतील असं वाटलं नव्हतं. वॉर्डातल्या मावशींनी स्वतःचा स्वच्छ रुमाल डोक्याला बांधून दिला आणि म्हणाल्या, “नाकीडोळी नीटस हाईस, शोभतंय.” एवढ्या एका वाक्यावर मी ऑपरेशन थिएटरपर्यंत गेले. भीती वाटते का? वाटते. लाज न बाळगता सांगा सगळ्यांना की भीती वाटते. मी तर भूल देणाऱ्या डॉक्टरांचा हात सोडत नव्हते.

शुद्धीवर आले तेव्हा घसा कोरडा, डोकं ठणकतंय, उलट्या. तीन दिवस मी कुणाशी भांडलेसुद्धा नाही, त्यावरून उमेशला काळजी लागली. फेरीत बाई बोटं हलवायच्या. “किती?” “दोन.” “घाई नको,” त्या म्हणायच्या. “परत येईलच असं नाही, पण वाट बघू.”

सहाव्या दिवशी दुपारी जेवण आलं. तेच हॉस्पिटलचं खणाखणांचं स्टीलचं ताट. मी वरणाकडे चमचा नेला आणि थांबले. ताटाच्या डाव्या कोपऱ्यात काहीतरी पिवळं होतं.

मी किंचाळले. सिस्टर धावत आली, मावशी धावत आल्या, उमेशच्या हातातून फोन पडला. “काय झालं? काय होतंय?”

“लिंबू!” मी म्हटलं. “लिंबू आहे तिथे!”

सिस्टरला वाटलं माझा मेंदू हलला. उमेशला कळलं. तो असा रडला की मावशींनी त्यालाच पाणी दिलं. मी ती फोड उचलली आणि सालीसकट चोखून खाल्ली. आंबट म्हणजे काय आंबट! उमेशने आक्कांना फोन लावला. पलीकडून आवाज आला, “दिसलं न्हवं? मंग आता घरी या. माजी चटनी वाट बगतीया.”

फेरीला बाईंनी बोटं हलवली. “किती?” “चार!” मी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हटलं. शेजारच्या पलंगावरच्या बाईने टाळ्या वाजवल्या.

बबनमामा

महिनाभराने एका रविवारी खालून आक्कांची हाक आली. जिन्यात एक उंच, वाळका माणूस उभा होता, पांढरी टोपी, हातात आंबेमोहोराची पिशवी. अपघातानंतर मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहत होते.

मी माफी मागायला तोंड उघडलं, त्यांनी हात वर केला.

“आधी माजं ऐका, ताई. राग हाय माजा तुमच्यावर. खोटं न्हाई बोलत. लोकांनी मारलं त्याचं काय न्हाई, पर नातीनं इचारलं, आबा तुमी पिलं व्हतं का. त्ये लागलं.”

“मामा, मला...”

“थांबा की. हवालदारानं तुमचा कागद दावला. आर्धा कोरा. म्या घरी जाऊन लई इचार केला. माजी बी एक चूक हाय. हॉर्न दिला न्हाई म्या. तुमी बगितलं, म्हनलं झालं. आता कुनी बगू नायतर न बगू, म्या हॉर्न देनार.”

मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर टाक्यांची जागा ओढली आणि मीच “आई गं” करून खाली बसले. आक्का म्हणाल्या, “पाया पडायला डोस्कं जाग्यावर लागतं बाई.” बबनमामा हसले. मग चहा झाला, आणि त्यांनी आक्कांकडून चटणी बांधून नेली.

पोलिसांनी पुरवणी जबाब आणि डॉक्टरांचे कागद लावून कोर्टात अहवाल दिला. वेळ लागला, पण गुन्ह्यातून त्यांचं नाव निघालं, लायसन्स परत मिळालं, ठेकेदाराने बोलावून घेतलं. आमची कार भंगारात गेली आणि विमा कंपनीने हात वर केलेच. उमेशने एकदाही ते बोलून दाखवलं नाही.

माझी डावी बाजू जवळजवळ सगळी परत आली. अगदी कोपऱ्यात अजून थोडं धुकं आहे. बाई म्हणाल्या, कामावर जा, पण गाडी एवढ्यात नाही. म्हणून कारखान्याच्या बसचा पास काढला. पहिल्या दिवशी डोक्यावर बोटभर वाढलेले केस घेऊन बसमध्ये चढले तर स्टिअरिंगवर बबनमामा. ठेकेदाराला सांगून त्यांनी आपल्या जुन्या लाइनला आमचा कारखानाही जोडून घेतला होता.

“हितं बसा,” त्यांनी पुढच्या डावीकडच्या सीटकडे मान हलवली. तिथल्या बायकांनी सरकून मला जागा दिली. त्यांतल्या दोघी अपघाताच्या दिवशी बसमध्ये होत्या.

फाटा आला. मामांनी बस थांबवली. मागून कुणीतरी म्हणालं, “मामा, चला की, उशीर हुतोय.”

मामा समोर बघत म्हणाले, “ताई, डावीकडं कोन हाय?”

मी मान वळवली. वाडीचा रस्ता, बांध, विजेचा खांब, सगळं जिथल्या तिथे.

“एक दूधवाला आहे, उभा आहे. त्याच्या मागे टेम्पो येतोय. बांधावर म्हैस आहे.”

“म्हशीचं न्हाई इचारलं.”

बायका खो खो हसल्या. टेम्पो आमच्या समोरून गेला. दूधवाल्याने हात करून आम्हाला जायला सांगितलं. मी खांबापासून बांधापर्यंत आणखी एकदा सगळं बघून घेतलं.

“काढा मामा,” मी म्हटलं. “मोकळा आहे रस्ता.”

मामांनी जोरात हॉर्न दिला. डावीकडे वळूनही पाहिलं नाही, आणि बस काढली.